स्पेनचं रक्त चविष्ट, आमची रक्ती किळसवाणी?

मागच्या महिन्यात आम्ही बिबवेवाडीतले दोघे ऑफिसच्या मंडळींबरोबर शहरातल्या एका स्पॅनिश हॉटेलात जेवलो. तापास म्हणजे छोट्या छोट्या बशा. टेबलाच्या मधोमध ठेवायच्या आणि सगळ्यांनी त्यातूनच खायचं. बटाट्याचं ऑम्लेट आलं, लसणातली कोळंबी आली. कुणाचा हात कुठे लागला, कुणी बघितलं नाही. जात गेलीच की काय, असं वाटावं इतकं छान चाललं होतं.

मग स्पेन फिरून आलेला एक जण मोर्सियाचं कौतुक सांगू लागला. मोर्सिया म्हणजे डुकराचं रक्त, कांदा, भात आतड्यात भरून उकडलेलं. माद्रिदचं कायोस म्हणजे तर सरळ गुरांची वजडी! ‘ऑथेंटिक’ म्हणून सगळ्यांच्या माना डोलल्या. आम्ही म्हणालो, आमच्याकडे रक्ती करतात, वजडी तर नेहमीचीच. टेबल गप्प. मग एकीने हळूच विचारलं, “पण ते स्वच्छ असतं का?”

रक्त तेच, आतडं तेच. बदलली ती फक्त खाणाऱ्याची जात. माद्रिदमध्ये खाल्लं की संस्कृती, आणि इथे 2015 च्या कायद्यापासून बैलाचं मांस म्हणजे गुन्हा.

आपलेच काही शहाणे म्हणतील, बाबासाहेबांनीच हे सोडायला सांगितलं. नीट वाचा. 1927 साली महाडला त्यांनी सोडायला सांगितलं ते मेलेल्या जनावराचं मांस, कारण ते गावकीच्या गुलामीला बांधलेलं होतं. मार्केटमधून पैसे मोजून आणलेल्या वजडीचा त्याच्याशी काय संबंध? (शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी आधी ते वाचावं.) आणि खरं सांगायचं तर लाज आम्हालाही वाटली. ऑफिसच्या डब्यात आम्ही इतकी वर्षं चिकनच नेत आलो.

नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच ‘जातिनिर्मूलना’त लिहून ठेवलंय. बिल वाटून भरल्यावर आम्ही त्या स्पेनवाल्याला विचारलं, तुमच्या सोसायटीत भाड्याने फ्लॅट आहे का? “आहे रे, पण व्हेज फॅमिलीलाच देतात.” कोळंबीची शेवटची बशी त्यानेच पुसून खाल्ली होती.

आता आम्ही सगळ्यांना अप्पर इंदिरानगरला घरी जेवायला बोलावलंय. रक्ती असेल, हे आधीच सांगितलंय. आतापर्यंत दोघांनी हो म्हटलंय.