जात्यावरची बारावी बाई

होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या विसाव्या सर्गात एक लहानसा प्रसंग आहे. पहाट व्हायची आहे. राजवाड्यात दळणासाठी नेमलेल्या बारा दासींपैकी अकराजणी आपले काम आटोपून झोपी गेल्या आहेत. बारावी सर्वांत अशक्त. तिचे दळण अद्याप संपलेले नाही. ती जाते थांबवते आणि देवाला विनवते की, ज्यांच्यासाठी दळता दळता आपला देह मोडला, त्या माजोरी पाहुण्यांचे आजचे जेवण शेवटचे ठरो. वीस वर्षांनी वेषांतर करून घरी परतलेला राजा ओडिसियस ते शब्द ऐकतो, आपल्या विजयाचा शुभशकुन मानतो आणि सुखावतो. त्या बाईचे पुढे काय झाले, हे महाकवी सांगत नाही. तिला त्याने नावही दिलेले नाही.

या प्रसंगाची आठवण होण्यास कारण असे की, गेल्या दोन दशकांत ग्रीक पुराणांतील प्रेमकथा स्त्रीच्या बाजूने पुन्हा सांगणारी अनेक इंग्रजी पुस्तके प्रसिद्ध झाली आणि ती आपल्या महाविद्यालयीन विद्यार्थिनींच्या हाती दिसू लागली. मार्गारेट अ‍ॅटवुड यांचे ‘पेनेलोपियाड’ २००५ सालचे, तर मॅडलिन मिलर यांची ‘सर्सी’ ही कादंबरी २०१८ सालची. चिंचपोकळीच्या चाळीतून येणारी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी लोकलच्या गर्दीत उभ्याने असे पुस्तक वाचते, याचे प्राध्यापकांच्या खोलीत कौतुक होते, तशी कुरकुरही होते. जुन्या कथांची ही मोडतोड कशासाठी, आणि परदेशातले हे खूळ आपल्याला कशाला हवे, असा कुरकुरीचा सूर असतो. या दोन्ही आक्षेपांचा शांतपणे विचार व्हावयास हवा.

मूळ कथा अशी. ट्रॉयच्या युद्धावर गेलेला ओडिसियस वीस वर्षे घराबाहेर राहतो. त्याची राणी पेनेलोपी वाट पाहते. शंभराहून अधिक मागणीदार तिच्या घरात ठाण मांडून बसतात. सासऱ्यासाठी कफन विणून होईपर्यंत थांबा, असे सांगून ती दिवसा विणते आणि रात्री उसवते. अशी तीन वर्षे ती काढते. अखेर पती परततो, मागणीदारांना ठार करतो आणि दोघांचे मीलन होते. शतकानुशतके ही कथा पतिनिष्ठेचा आदर्श म्हणून सांगितली गेली. परंतु त्याच काव्यात, मागणीदारांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून बारा दासींना आधी दालनातील प्रेते आणि रक्त साफ करावयास लावतात व नंतर फासावर लटकवतात. गुलाम बाईला नकार देण्याचा हक्क कितपत होता, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. अ‍ॅटवुड यांनी त्याच बाराजणींना बोलते केले. एमिली विल्सन यांनी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी भाषांतरात त्यांना सरळ गुलाम म्हटले. यात मोडतोड कोणती झाली? होमरनेच लिहून ठेवलेले, पण वाचकाने ओलांडून पुढे गेलेले पान पुन्हा उघडले गेले, इतकेच.

कथा बदलण्याचा आक्षेप घेणाऱ्यांनी शकुंतलेची कथाही आठवावी. महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतला विवाहापूर्वी राजाला अट घालते की, माझ्या पोटी होणारा पुत्र युवराज झाला पाहिजे. पुढे भर दरबारात राजा ओळख नाकारतो, तेव्हा ती त्याच्याशी सडेतोड वाद घालते. तेथे शाप नाही, अंगठीही नाही. राजा जाणूनबुजून नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप योजला आणि वचनभंगाचा दोष राजावरून शापावर गेला. करारावर उभी असलेली स्त्री विरहिणी झाली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली मराठी रंगभूमीवर आणली ती हीच कालिदासाची शकुंतला, आणि आपल्या मनात तीच घर करून बसली. कालिदासाच्या प्रतिभेविषयी दुमत नाही. पण कथा तेव्हाही बदललीच होती. फक्त तो बदल राजाच्या सोयीचा असल्याने त्याला कोणी मोडतोड म्हटले नाही.

आता परदेशी खुळाचा मुद्दा. महाराष्ट्राला या बाबतीत उसनवारी करण्याचे कारणच नाही. होमरची दळणारी बाई दोन-चार ओळी बोलून नाहीशी होते. आपल्याकडे जात्यावरच्या बाईने स्वतःचे रामायण रचले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने खेडोपाडी संकलित झालेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यांतील सीता ही राजकन्या कमी आणि सासुरवाशीण अधिक आहे. तिच्या वनवासाचा जाब ओवीकर्तीने रामाकडेही मागितला आहे. डॉ. तारा भवाळकर यांनी लोकपरंपरेतील या सीतेचा मागोवा ‘सीतायन’ या ग्रंथात घेतला. २०२५ साली दिल्लीत भरलेल्या ९८व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनीच भूषविले. त्याच्या कितीतरी आधी, १९६७ साली, इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने गांधारी, कुंती आणि द्रौपदी यांना देव्हाऱ्यातून उतरवून माणसांत आणले होते. तेव्हा अ‍ॅटवुड वाचणारी मुलगी परकी वाट धरते, असे म्हणणे म्हणजे आपल्याच आजीच्या ओव्या विसरणे होय.

परंतु अर्थशास्त्राच्या शिक्षकाला या पुनर्कथनांत दिसते ते आणखी एक आहे. प्रेमकथेत विरह हा भाव असतो. घरात मात्र तो काम असतो. प्रतीक्षेची वीस वर्षे रोज कोणीतरी दळलेले आणि रांधलेले असते. त्या श्रमाला दाम नसतो, म्हणून तो राष्ट्रीय उत्पन्नात धरला जात नाही. आणि कथेत त्याला निष्ठा हे नाव मिळते, म्हणून तेथेही तो मोजला जात नाही. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीनुसार, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय या कामात भाग घेणाऱ्या पुरुषांची संख्याच मुळात थोडी.

गिरणगावाला हे आकड्यांवाचूनही ठाऊक आहे. येथला कामगार कोकणातून आणि घाटावरून आला; पत्नी गावी राहिली. अण्णाभाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीने त्या पुरुषाच्या विरहाला अमर केले. मात्र गावावर राहिलेल्या मैनेने भातलावणी केली, गुरे राखली, सासूसासऱ्यांचे दुखणेपाखणे काढले. तिच्या तोंडून ही कथा आपण क्वचितच ऐकली. इकडे मुंबईत चिंचपोकळी, लालबाग, परळच्या चाळींत एकट्या कामगारांना जेवू घातले ते खानावळवाल्या बायकांनी. मेंबरांचे खाडे, वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज हा सारा हिशेब त्यांच्या डोक्यात असे. संप लांबला की मेंबरांचे पैसे थांबत, वाण्याचे देणे थांबत नसे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या बायकांना बँकेची दारे उघडून दिली, तेव्हा कोठे त्यांच्या कामाला धंदा म्हणून मान्यता मिळाली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. आज गिरण्यांच्या जागी मनोरे आहेत आणि त्या संपाचीही हळूहळू पुराणकथा होत आहे. तिच्यात नायक आहेत, दगाबाज आहेत, हौतात्म्य आहे. घर चालवणारी बाई मात्र बहुधा एका वाक्यापुरती येते. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ साली सिद्ध केलेल्या गिरणगावाच्या मौखिक इतिहासात कामगार स्त्रियाही बोलतात, हे त्या कामाचे मोठेपण. पण ते काम पुरे झाले, असे म्हणता येणार नाही. संपाच्या वर्षी पंचविशीत असलेली बाई आज सत्तरीच्या घरात आहे.

येथे नव्या लेखनालाही एक इशारा द्यावासा वाटतो. राजाची कथा काढून घेऊन ती राणीला दिली, एवढ्याने काम भागत नाही. पेनेलोपी चतुर होती, सर्सी स्वतंत्र होती, हे ठीकच. पण दासी पुन्हा अंधारातच राहणार असतील, तर केवळ सिंहासनावरची व्यक्ती बदलली, असे म्हणावे लागेल. ही कसोटी आपल्यालाही लागू आहे. सुशिक्षित मध्यमवर्गीय स्त्रीच्या मनाचे सूक्ष्म चित्रण मराठीत विपुल झाले. तिच्या घरची भांडी घासणाऱ्या बाईला त्यात किती जागा मिळाली, हे तपासून पाहावे.

म्हणून विद्यार्थिनींनी ही पुस्तके अवश्य वाचावीत, आणि वाचून झाल्यावर घरातल्या किंवा शेजारच्या वृद्धेजवळ वही घेऊन बसावे. संपात घर कसे चालले, तांदूळ कोठून आला, कोणते दागिने गहाण पडले आणि कोणते सुटले, हे तिला विचारावे व तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. शिक्षकांनी यासाठी वर्गातला एखादा तास द्यावा. अभ्यासक्रम त्याने मागे पडणार नाही. होमरच्या त्या बाराव्या बाईला तिचे नाव विचारणारे कोणी नव्हते. आपल्या चाळीत असे विचारणे आज अजून शक्य आहे.