नातवाची वही आणि माझा उपवास

वाचकहो, पथ्यपाण्याविषयी या लेखमालेतून मी आपणांस आजवर पुष्कळ सांगत आले. आज मात्र माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगावयाची आहे. ती मला खऱ्या अर्थाने उमगली ती माझ्या सोळा वर्षांच्या नातवाच्या वहीमुळे. वही मी चोरून वाचलेली नाही. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी त्याने ती आपण होऊन माझ्या हाती दिली आणि म्हणाला, "आजी, तुझ्या लेखात यातले काही उपयोगी पडते का, बघ."

आम्ही नागपूरचे कॅथोलिक कुटुंब. ईस्टरपूर्वी आमचा उपवासकाळ असतो. रविवार वगळून मोजले तर तो चाळीस दिवसांचा, रविवार धरले तर 46 दिवसांचा. यंदा 18 फेब्रुवारीच्या राखेच्या बुधवारी त्याचा आरंभ झाला. त्या दिवशी कपाळी राख लावून घ्यायची आणि उपवास करायचा, हे मी लहानपणापासून पाळत आलेली. माझे वय आज 76, मधुमेह चौदा वर्षांचा. तरीही त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे साखरेची गोळी घेतली, कोरा चहा प्याले आणि न्याहारीचे ताट झाकून ठेवले. मुलगा आणि सून कामावर गेलेली. घरात मी आणि अकरावीचा अभ्यास करीत बसलेला नातू.

अकराच्या सुमारास मला दरदरून घाम सुटला, हात कापू लागले. मी नातवाला हाक मारली ती त्याच्या वडिलांच्या नावाने, आणि पुढे काय बोलले ते मला आठवत नाही. त्याने माझ्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन यंत्रावर साखर पाहिली. ती 54 होती. मी शुद्धीवर आहे व मला गिळता येते आहे, याची खात्री करून त्याने तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून मला पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, तेव्हा आकडा 82 वर आला होता. मग केळे आणि अर्धी पोळी. डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनी दिवसभर साखर वरचेवर तपासण्यास सांगितले, कारण या जातीच्या गोळीचा अंमल पुष्कळ वेळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते.

तो दिवस निभावला. नातू मला एका शब्दानेही बोलला नाही. जे बोलायचे ते त्याने वहीत लिहिले होते.

पहिल्याच पानावर त्याने स्वतःला दोष दिला आहे. आजीचे झाकलेले ताट मी सकाळी पाहिले होते, पण डोळे मोबाइलवर होते म्हणून विचारले नाही, असे तो लिहितो. त्या संध्याकाळी त्याने ठरविले की उपवासकाळात न्याहारीच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि माझ्यासमोर बसून खायचे. चौथ्याच दिवशी नेम मोडला, त्याचीही नोंद आहे. पाचव्या दिवशी त्याने तो पुन्हा धरला. खाली लिहिले आहे की नेम मोडल्याची लाज वाटून तो सोडून देणे हे मोडण्याहून वाईट.

दुसरी एक नोंद वाचून मी थबकले. आजीने उपवास देवासाठी केला, की आपण अजून करू शकतो हे आम्हांला दाखविण्यासाठी? प्रश्न बोचरा होता, पण खरा होता. शरीर थकले तरी निश्चय थकलेला नाही, हे सिद्ध करण्याचा मोह आम्हां वृद्धांना फार. त्या मोहाला आम्ही भक्तीचे नाव देतो.

तिसऱ्या नोंदीत नियम आहे. चर्चमधील फादरांना विचारून त्याने तो लिहून घेतला होता. कॅथोलिक धर्मनियमांनुसार उपवासाचे बंधन वयाच्या 18व्या वर्षापासून 59 वर्षे पूर्ण होईपर्यंतच असते, आणि आजाऱ्यांना तेही नाही. मांसाहार वर्ज्य करण्याचा नियम मात्र चौदा वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना लागू होतो. म्हणजे सोळा वर्षांचा तो आणि 76 वर्षांची मी, दोघेही उपवासातून मोकळे! शिवाय जो उपवास सांगितला आहे त्यातही एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडे खाणे चालते. मी तर कुणीच न सांगितलेले करून बसले होते. त्याखाली नातवाचा प्रश्न होता: उपाशी राहण्याची सक्ती नाही, तर आपण दोघांनी काय सोडायचे?

नागपूरचे कॅथेड्रल ज्यांच्या नावाने आहे त्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी (1567 ते 1622) या प्रश्नाचा विचार केला होता. उपवासात अतिरेक करणाऱ्यांना ते सावध करीत. शरीर खचवून बसलेला मनुष्य पुढे सेवेच्या कामी येत नाही, असे त्यांचे म्हणणे. माझ्या बाबतीत तसेच झाले. माझ्या उपवासामुळे घरातील इतर माणसांनाच दिवसभर माझी सेवा करावी लागली.

नातवाच्या वहीत कार्लो अकुटिस याचेही नाव आहे. हा इटलीत वाढलेला मुलगा 2006 साली वयाच्या पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. 7 सप्टेंबर 2025 रोजी त्याला संतपद देण्यात आले. संगणकात रमणारा हा मुलगा खेळांसाठी आठवड्यातून एकच तास ठेवीत असे. "मला एक तास जमणार नाही, पण न्याहारीची वीस मिनिटे जमतील," असे नातवाने प्रामाणिकपणे नोंदविले आहे. स्वतःच्या कुवतीएवढा नेम धरण्याचे हे शहाणपण त्याला सोळाव्या वर्षी आले. मला 76व्या वर्षी शिकावे लागले.

मग आम्ही दोघांनी मिळून ठरविले. गोळी आणि न्याहारी यांची वेळ मी एक दिवसही चुकवायची नाही. लोणचे आणि पापड मी सोडले. रक्तदाबालाही ते बरेच. वय वाढले की तहान लागल्याची जाणीव मंदावते आणि नागपूरचा उन्हाळा तर आपण जाणताच, म्हणून तहानेची वाट न पाहता पाणी प्यायचे. त्याने सोडावयाची गोष्ट त्यानेच निवडली. मी एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली की त्याच्या आवाजात जी धार येते, ती सोडायची. मोबाइलपेक्षा हे कितीतरी अवघड, अशी त्याची कबुली वहीत आहे.

एकादशी, नवरात्र, रोजे, पर्युषण किंवा आमचा उपवासकाळ, घर कोणत्याही धर्माचे असो, मधुमेही वडीलधाऱ्यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे. गोळी किंवा इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये आणि उपाशीपोटी आपल्या मनाने घेऊही नये. साखर 70च्या खाली गेली, तर उपवास तत्क्षणी मोडावा. वृद्धांमध्ये घाम किंवा कापरे न येता नुसता गोंधळ, झोपाळूपणा किंवा तोल जाणे हीच खूण असू शकते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. तातडीने रुग्णालय गाठावे. आणि सांभाळणाऱ्यांनी सकाळी एवढे अवश्य पाहावे की ताट रिकामे झाले आहे की झाकलेले आहे.

3 एप्रिलला गुड फ्रायडे होता. त्या सकाळी मी न्याहारीला बसले तेव्हा थोडे अपराधी वाटत होते. नातू समोर बसला होता, मोबाइल आतल्या खोलीत होता. त्याने माझ्या ताटात अर्धी पोळी आणखी वाढली. मी ती मुकाट्याने खाल्ली.