मामाचे कान आणि माझा मीटर

१९९४ साली मी माझ्या मिरजेच्या मामाला एक वाक्य ऐकवलं होतं. "मामा, तुझ्या अ‍ॅम्पमध्ये तीन टक्के डिस्टॉर्शन आहे." आज त्या वाक्याबद्दल लिहायचंय. तीस वर्षं उशीर झालाय, पण आमच्या घराण्यात एवढा उशीर चालतो.

तर झालं होतं असं. मामा टेलिफोन खात्यात. ड्यूटी सोडून उरलेला सगळा वेळ सोल्डरिंगच्या धुरात. कधीतरी सत्तरच्या आसपास त्याने मुंबईला लॅमिंग्टन रोडवर दोन दिवस फिरून ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, ईएल८४ व्हॉल्व्ह असं काय काय गोळा केलं आणि घरीच स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर बनवला. एका बाजूला एक ईएल८४. म्हणजे फार ताणलं तर चार-पाच वॉट. स्पीकरच्या पेट्या ओळखीच्या सुताराकडून सागवानात करून घेतल्या. रविवारी सकाळी अ‍ॅम्प चालू व्हायचा, व्हॉल्व्ह तापेपर्यंत मामीचा चहा व्हायचा, आणि मग मन्सूरबुवा किंवा किशोरीताई. त्या तासाभरात घरात कुणी बोलायचं नाही. आम्ही भाचरं सुट्टीत गेलो की हा तास म्हणजे शिक्षाच वाटायची. पुढे कधी ती शिक्षा आवडायला लागली ते कळलं नाही.

मग मी इंजिनियर व्हायला लागलो. इलेक्ट्रॉनिक्सचं तिसरं वर्ष. त्या वयात माणसाला जेवढं कळतं तेवढं पुन्हा कधी कळत नाही! कॉलेजच्या लॅबमध्ये डिस्टॉर्शन मीटर होता. मामाचा अ‍ॅम्प चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन लॅबमध्ये नेला. स्पीकरच्या जागी ८ ओहमचा रेझिस्टर लावला, २ वॉटवर मोजलं, तीन टक्के. त्या वेळच्या चांगल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पच्या कॅटलॉगमध्ये ०.०५ असायचं. साठ पट!

हे मी सगळ्यांसमोर, जेवणाच्या पंक्तीत सांगितलं. मामाने एवढंच विचारलं, "कानाला लागतं का रे ते?" मी म्हणालो, "कानाचं काय घेऊन बसलास? मीटर खोटं बोलत नाही."

पुढच्या दिवाळीला मामाने नवा अ‍ॅम्प घेतला. जुना माळ्यावर गेला. नव्याचं कौतुक झालं, पण एकदा मामा हळूच म्हणाला, "स्वच्छ आहे रे. पण बुवा लांब जाऊन बसल्यासारखे वाटतात." मी म्हणालो, सवय होईल. सवय झाली, पण ती न ऐकण्याची. रविवारचा तास हळूहळू बंद पडला. टीव्हीवर सकाळी काही ना काही असायचं, हेही कारण होतं म्हणा. सगळा दोष स्वतःकडे घेण्याइतका मी काही थोर नाही.

असो. मुद्द्यावर येतो. मोजमापावरून अ‍ॅम्पचा आवाज कसा असेल हे सांगता येतं का? या प्रश्नावर जगात दोन पंथ आहेत. एक म्हणतो, आकडा चांगला म्हणजे आवाज चांगला, बाकी सगळं मनाचे खेळ. दुसरा म्हणतो, संगीत आकड्यात मावत नाही, कान हाच खरा मीटर. मी पहिल्या पंथात बरीच वर्षं काढली. आता माझं मत असं आहे की दोघेही निम्मे बरोबर आहेत, आणि दोघांचंही उरलेलं निम्मं आळसातून आलेलं आहे.

आधी पहिल्या पंथाचा आळस. 'टोटल हार्मोनिक डिस्टॉर्शन' म्हणजे काय? शुद्ध सूर आत घातला की अ‍ॅम्प बाहेर देताना स्वतःच्या पदरचे काही सूर त्यात मिसळतो. त्या सगळ्यांची मिळून टक्केवारी. पण कोणते सूर मिसळले? आत 'सा' घातला तर दुसरं हार्मोनिक म्हणजे वरच्या सप्तकातला 'सा'. तिसरं म्हणजे त्याच्यावरचा पंचम. पाचवं म्हणजे आणखी वरच्या सप्तकातला गंधार. इथपर्यंत घरचीच मंडळी. सातवं मात्र कोमल निषादापेक्षाही उतरलेलं, पेटीवर न सापडणारं. एक टक्का 'सा' मिसळला तर गाणं जरा भरीव वाटेल, कदाचित कळणारही नाही. तेवढंच सातवं मिसळलं तर कान किटतील. टक्केवारीत दोन्ही सारखेच! आमटीत एक चमचा गूळ जास्त पडणं आणि एक चमचा मीठ जास्त पडणं यात वजनाच्या काट्याला फरक दिसत नाही, तसंच हे.

आणि ही काही नवी गोष्ट नाही. बीबीसीच्या शॉर्टर नावाच्या इंजिनियरने १९५० सालीच सुचवलं होतं की प्रत्येक हार्मोनिकला त्याच्या क्रमांकाच्या वर्गाप्रमाणे वजन द्यावं. म्हणजे दुसऱ्याला एक धरलं तर सातव्याला बारापट. २००३ मध्ये गेडीस आणि ली या दोघांनी लोकांना ऐकवून तपासलं, तर टक्केवारीचा आणि लोकांना किती खराब वाटतं याचा काही धड संबंधच लागला नाही. मोजण्यात चूक नव्हती. मोजायला निवडलेली गोष्ट चुकली होती.

ट्रान्झिस्टरच्या सुरुवातीच्या अ‍ॅम्पमध्ये तर आणखी गंमत होती. त्यातल्या काहींचं डिस्टॉर्शन पूर्ण ताकदीवर मोजलं की फारच छान यायचं, पण आवाज लहान केला की प्रमाण वाढायचं, कारण लाट शून्यावरून पलीकडे जाताना एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे सूत्रं नीट जायची नाहीत. आणि आपण आलाप ऐकतो तो लहान आवाजातच. कॅटलॉगमधला आकडा खरा, फक्त तो तुमच्या ऐकण्याचा नव्हता. आपल्याकडच्या 'पीएमपीओ वॉट'बद्दल तर बोलायलाच नको. नव्वदच्या दशकात टेप रेकॉर्डरएवढ्या डब्यावर १००० वॉट छापलेलं असायचं. अमेरिकेत १९७४ मध्ये सरकारला नियम करावा लागला होता की अ‍ॅम्पचे वॉट जाहीर करताना ते कसे मोजले तेही सांगा.

आता दुसऱ्या पंथाचा आळस. "कान हाच मीटर" म्हणणाऱ्यांनी डोळे मिटून ऐकून बघावं. 'स्टीरिओ रिव्ह्यू' मासिकाने जानेवारी १९८७ मध्ये एक चाचणी छापली होती. साधारण दोनशे डॉलरच्या रिसीव्हरपासून बारा हजार डॉलरच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पपर्यंत सहा यंत्रं, आवाज नीट सारखा केलेला, कोणता वाजतोय हे माहीत नाही. निकाल नाणं उडवल्यासारखा आला. आवाज सारखा करणं यात फार महत्त्वाचं. अर्धा डेसिबल जास्त असला तर तो आपल्याला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. दुकानदारांना हे बहुतेक जन्मापासून माहीत असतं.

मला सगळ्यात आवडतो तो बॉब कार्व्हरचा किस्सा. १९८५ मध्ये या अमेरिकन इंजिनियरने 'स्टीरिओफाइल'च्या समीक्षकांना आव्हान दिलं की तुमच्या आवडीचा कोणताही महागडा अ‍ॅम्प आणा, माझा स्वस्तातला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प मी तसाच वाजवून दाखवतो. त्याने काय केलं? दोन्हींचे आउटपुट एकमेकांतून वजा केले आणि जो फरक उरेल तो कमी कमी होईपर्यंत स्वतःच्या सर्किटमध्ये बदल करत राहिला. शेवटी समीक्षकांना दोन्हीत फरक सांगता आला नाही. म्हणजे कानाला जे लागत होतं ते सगळं वायरमध्येच होतं, मोजता येत होतं. फक्त ते एका टक्केवारीत नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मला मामाचे "लांब जाऊन बसलेले बुवा" आठवले आणि जरा पोटात कालवलं.

गेल्या दिवाळीत मिरजेला गेलो तेव्हा माळ्यावरून तो अ‍ॅम्प काढला. कपॅसिटर बदलले, व्हॉल्व्ह चक्क जिवंत निघाले. यावेळी लॅपटॉप सोबत होता आणि थोडी अक्कलही. बिनभाराचं व्होल्टेज बघितलं, मग भार लावल्यावरचं. जुन्या अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स निघाला जवळजवळ ३ ओहम. ट्रान्झिस्टरवाल्याचा नगण्य. मग मामाच्या सागवानी स्पीकरचा इम्पिडन्स मोजला. नाव ८ ओहमचं, पण मधल्या पट्टीत साडेसहा, खर्जात ७० हर्ट्झच्या आसपास चढून ४०, आणि वरच्या टोकाला पुन्हा चढता.

ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अ‍ॅम्पच्या पोटात ३ ओहम असले की स्पीकर जिथे जड तिथे आवाज थोडा जास्त मिळतो, जिथे हलका तिथे कमी. मामाच्या घरात खर्ज मधल्या पट्टीपेक्षा अडीच डेसिबलहून अधिक उचलला जात होता. मामाने त्या पेट्यांत कापूस भरला, काढला, पुन्हा भरला, ते सगळं या अ‍ॅम्पवर ऐकत. दोघांची जोडी होती. मी लॅबमध्ये त्यातल्या एकाला उचलून नेलं आणि एका निर्जीव रेझिस्टरशी लग्न लावून त्याची परीक्षा घेतली. रेझिस्टर सगळ्या स्वरांना ८ ओहमच असतो. जो फरक होता तो त्या परीक्षेत दिसणं शक्यच नव्हतं.

मग चाचणी. मधे गोधडी टांगली, पलीकडे माझी मुलगी नाणं उडवून स्विच फिरवणार, आवाज मल्टीमीटरने सारखा केलेला. (व्हॉल्व्हवाल्यांनी काळजी करू नये, अ‍ॅम्प बिनलोडचा सोडला नव्हता.) मामा आता ब्याऐंशीचा. वरचे सूर त्याला फारसे ऐकू येत नाहीत, हे तोच सांगतो. तरीही वीसपैकी सतरा वेळा त्याने जुना अ‍ॅम्प बरोबर ओळखला. मी सोळा.

मग मी ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पच्या तारेत ३ ओहमचा जाड रेझिस्टर जोडला, आवाज पुन्हा सारखा केला आणि पुन्हा वीस वेळा ऐकलं. मामा अकरा. मी नऊ. व्हॉल्व्हचं ते डिस्टॉर्शन, ज्याच्यावरून मी पंक्तीत व्याख्यान दिलं होतं, ते तसंच होतं. घरात ऐकायच्या आवाजाला आमच्या दोघांच्याही कानाला त्याचा पत्ता लागला नाही. लागला होता तो तीस-चाळीस पैशांच्या रेझिस्टरएवढा फरक. बरं, आता महागाईत चाळीस पैशांना काही मिळत नाही, पण तुम्हाला कळलं.

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मला खरंच ऐकू येत होतं तर."

या वाक्याने मला जेवढं ओशाळं केलं तेवढं कुठल्या परीक्षेने केलं नाही. मला वाटत होतं मी त्याचा अ‍ॅम्प नापास केलाय. मी त्याचे कान नापास केले होते, आणि त्याने ते तीस वर्षं मान्य करून टाकलं होतं. इंजिनियर भाचा सांगतोय म्हणजे खरंच असणार.

म्हणून माझं मत. मोजमाप आवाज सांगतं, पूर्ण सांगतं, पण जिथे ऐकायचं तिथे मोजलं तर: त्या स्पीकरवर, त्या आवाजाला, आणि सगळ्या सुरांत. एकच आकडा सांगत नाही. आज इंटरनेटवर 'सिनॅड' नावाच्या एका आकड्याने अ‍ॅम्पची उतरंड लावतात. तळाचे वगळायला ती उपयोगी आहे. वरच्या दोघांत कोण श्रेष्ठ यावर भांडण करणं म्हणजे दोन काचा किती स्वच्छ पुसल्यात यावर भांडण. दोन्हीतून रस्ता सारखाच दिसतो. आणि कुणी म्हणालं की मला फरक जाणवतो, तर आधी गोधडी टांगा. पण गोधडीपलीकडूनही त्याला जाणवला, तर त्याला वेड्यात काढू नका. तुमचा मीटर कुठे लावलाय ते तपासा.

आता 'चांगला' कोणता, हे मात्र मीटर सांगत नाही, त्याने सांगूही नये. मामाच्या घरापासून थोड्याच अंतरावर सतारमेकर गल्ली आहे. तिथे तंबोऱ्याची जवारी काढतात, घोडी घासत घासत, तारेखालचं सूत सरकवत, कानाने. त्या घोडीमुळे तारेतून जे भरमसाट हार्मोनिक उठतात त्यावर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये निबंध लिहिला. काय होतं ते विज्ञानाने सांगितलं. किती व्हावं ते अजून तो कारागीर आणि गवई मिळून ठरवतात. यात भांडण कुठे आहे?

मामाला विचारलं, आता कोणता ठेवायचा? रेझिस्टर लावलेला ठेवलास तर व्हॉल्व्ह शोधायची कटकट नाही, उष्णता नाही, तीनशे व्होल्टची भीती नाही. आवाज तोच, तूच सिद्ध केलंस. मामा म्हणाला, "अरे पण तो तापेपर्यंत चहा होतो."

जुनाच ठेवलाय. मामी सांगते की रविवारी पुन्हा बोलायची बंदी झाली आहे.

मामा, मामी तुला हे वाचून दाखवेलच. त्या दिवशी पंक्तीत बोललो ते चुकलं. समोर बसून म्हणायला जमलं नाही, म्हणून इथे.