स्टिअरिंग कोणाच्या हाती, यावर कर का ठरावा?

गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरलेले एक कुटुंब मोठी एसयूव्ही भाड्याने घेऊन वेंगुर्ले-मालवणकडे निघते. गाडीबरोबर चालक असेल, तर भाड्यावर साधारणतः 5 टक्के जीएसटी लागतो. मालकाने कराची पूर्ण वजावट घेण्याचा पर्याय निवडला असेल, तर 18 टक्के. त्याच गाडीचे स्टिअरिंग पर्यटकाने स्वतः धरले, की कर थेट 40 टक्क्यांवर जातो. चालकाविना दिलेल्या वस्तूच्या भाड्याला त्या वस्तूच्या विक्रीचाच दर लागतो, आणि सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांसाठी तो दर 40 टक्के आहे. रस्ता तोच, गाडी तीच, झीजही तेवढीच. हा भेद अन्यायाचा आहे आणि त्याचा सर्वांत मोठा फटका कोकणासारख्या प्रदेशाला बसतो.

या दराचे समर्थक म्हणतात, फरक केवळ कागदावरचा आहे. सेल्फ ड्राइव्हवाल्याला गाडीच्या खरेदीवर भरलेला कर वळता करून घेता येतो, 5 टक्केवाल्याला येत नाही. अर्धेच खरे. खरेदी एकदाच होते, गाडी मात्र काही वर्षे भाड्याने फिरते. त्या वर्षांच्या भाड्यात विमा, देखभाल, कार्यालय, नोकरांचे पगार आणि नफाही असतो. पगारावर वळता करून घ्यायला करच नसतो, तरी त्या हिश्शावरही 40 टक्के आकारले जातात.

दुसरा दावा असा, की पर्यटक पैसेवाला असतो, त्याला काय जड आहे! पण सहलीचा खर्च बहुतेक घरांत आधीच ठरलेला असतो. गाडीवर जास्त गेले, की कात्री शेवटच्या मुक्कामाला लागते. विजयदुर्ग वगळला जातो, तारकर्लीतल्या घरगुती निवासाची एक रात्र कमी होते. कर पर्यटकाच्या पावतीवर दिसतो. पण त्याचा मोठा वाटा सोसते ती मासळीचे ताट वाढणारी बाई. रेडी, निवती, मिठबाव अशी गावे एका दिवसात जोडायची, तर एसटीच्या वेळा जुळत नाहीत. तिथे भाड्याची गाडी ही चैन नव्हे.

गर्दीचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. डिसेंबरात कळंगुटच्या रस्त्यावर खरोखर जागा उरत नाही. पण हा कर डिसेंबरातले कळंगुट आणि जूनमधले देवगड यांत फरकच करत नाही. शिवाय मुंबई-पुण्याहून आलेली खासगी गाडी तेवढीच जागा अडवते, तिला हा कर नाही. गर्दीवर उपाय हवा असेल, तर हंगामी आणि जागेनुसार पार्किंग शुल्क लावा.

चढ्या करातून तिजोरी भरते, हेही पुरते खरे नाही. गोव्यात परवान्याच्या भाडेगाडीला काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात. तरी पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्या सर्रास भाड्याने दिल्या जातात. त्यांच्याकडून ना व्यावसायिक वाहनकर मिळतो, ना जीएसटी. अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि मग जखमीने भरपाईसाठी जायचे कुठे? या चोरवाटेला 1989 च्या रेंट ए कॅब योजनेचीही मदत झाली. परवान्यासाठी किमान 50 गाड्या हव्यात, अशी तिची अट. सावंतवाडीतला पाच गाड्यांचा होतकरू तरुण 50 आणणार कुठून?

प्रश्न केवळ जीएसटीचा नाही, राज्याची हद्द ओलांडताना लागणाऱ्या वाहनकराचाही आहे. वाहनकर हा राज्यांचा घटनादत्त अधिकार आहे आणि तो काढून घ्या, असे मी म्हणत नाही. एकदाच, एकाच ठिकाणी घ्या. 2023 च्या अखिल भारतीय पर्यटक वाहन परवाना नियमांनी तेच केले. एक शुल्क भरले, की नाक्यानाक्यावर थांबणे नाही. जमा रक्कम राज्यांत वाटली जाते. विजेवरच्या गाड्यांना ते शुल्कही माफ आहे. ही व्यवस्था छोट्या भाडेगाडीवाल्यापर्यंत न्यायला हवी.

जीएसटी परिषदेत महाराष्ट्र आणि गोवा दोघेही बसतात. पर्यटकाला भाड्याने दिलेल्या गाडीला, चालक असो वा नसो, सारखेच दर आणि वजावटीचे सारखेच पर्याय द्यावेत, एवढी दुरुस्ती दोन्ही राज्यांनी मिळून मांडावी. 50 गाड्यांची अट 5 वर आणण्याची मागणी केंद्राकडे त्याच आठवड्यात जावी.