जुन्या पिकपचा नवा कार्ब्युरेटर

जुन्या पिकपचें एंजिन धापा टाकूं लागलें कीं "मोठा कार्ब्युरेटर बसवा" असा सल्ला कारागीर हटकून देतात. आमच्या मतें शेतकरी बंधूंनीं तो मानूं नये.

एंजिनास हवा किती लागते, हा हिशोब घरीं करतां येतो. विलिस धर्तीच्या जुन्या गाडीचें एंजिन १३४ घनइंची असतें. मिनिटास ४००० फेरे आणि दर दोन फेऱ्यांस एकदां भरणें, या मानानें १५५ घनफूट हवा झाली. सिलिंडर पुरते भरत नाहींत, म्हणून प्रत्यक्षांत सव्वाशेंच्या आसपासच. त्यावर ३०० घनफुटी कार्ब्युरेटर चढविला तर कमी वेगांत त्याच्या गळ्यांतील हवा मंदावते, पेट्रोलाचे तुषार नीट होत नाहींत, आणि मालानें भरलेली गाडी नेमकी चढावर अडखळते. पैसे देऊन हें दुखणें विकत कां घ्यावें?

घेणेंच झालें तर मूळ नमुन्याचा, त्याच बैठकीचा घ्यावा. पण आधीं जुनाच उघडून पाहावा. थ्रॉटलचा दांडा भोकांत खुळखुळत नसेल तर साफसफाई, नवीं पॅकिंगें व फ्लोटची सुई एवढ्यावर बहुधा भागतें.

एक अडचण मात्र नवी आहे. २०२५ पासून आपल्याकडील पेट्रोलांत सुमारें २० टक्के इथेनॉल असतें. (तें आपल्याच उसाचें व मक्याचें, तेव्हां तक्रार तरी कोणाकडे करावी!) त्यानें जुनें रबर फुगतें, आणि जेट किंचित् मोठा लागण्याचाही संभव असतो. म्हणून पॅकिंगें इथेनॉल सोसणारीं आहेत काय, हें विचारल्यावांचून दुकानदारास पैसे देऊं नयेत.