शैक्षणिक आराखड्यात भाषेला स्थान हवे

विभागीय अनुशेषाची चर्चा निघाली की मराठवाड्यात सिंचन, रस्ते आणि महाविद्यालयांतील जागा यांची मोजदाद होते. ती आवश्यकच आहे. परंतु शिक्षणामुळे एखाद्या प्रदेशाचा आवाज दूरवर आदराने ऐकला जातो, याची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची, हे ठरलेले दिसत नाही. अमेरिकन अभ्यासक जोसेफ नाय यांनी बळ वा पैसा न वापरता मन वळविण्याच्या या सामर्थ्याला ‘सॉफ्ट पॉवर’ म्हटले आहे.

आमच्या प्रदेशाने ते एकदा अनुभवले आहे. निजामी राजवटीत येथील विद्यार्थ्याला पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. त्याच मराठवाड्यात बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले. पुढे त्यास मिलिंद आणि परिसरास नागसेनवन हे नाव मिळाले. ग्रीक राजाने विचारावे आणि भिक्खूने उत्तर द्यावे, हा पालि ग्रंथातील संवादच जणू नामफलकावर आला. वसतिगृहांमुळे खेड्यापाड्यांतील मुले तेथे टिकली. प्राचार्य म. ना. वानखेडे, प्रा. गंगाधर पानतावणे यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले; पानतावणे सरांच्या ‘अस्मितादर्श’ने लिहित्या हातांना व्यासपीठ दिले. दलित साहित्य आज परदेशी विद्यापीठांत अभ्यासले जाते, त्यात नागसेनवनाचा वाटा मोठा आहे.

लातूरची कीर्ती निराळी. ‘लातूर पॅटर्न’ने शिस्त आणि सरावाच्या जोरावर डॉक्टर, अभियंते घडविले, त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. मात्र या धावपळीत भाषा मागे पडली. अकरावीला विज्ञान शाखेत दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घेता येते आणि अनेक पालक, बौद्ध पालकही, तोच मार्ग सुचवितात, हे खेदाने नमूद करावे लागते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पालि या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा दिला. दर्जाचा आनंद झाला. शिकविणार कोण, हा प्रश्न उरलाच.

पालि हा विषय राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात आहे. जिल्ह्याच्या शैक्षणिक आराखड्यात प्रत्येक तालुक्यातील निदान एका कनिष्ठ महाविद्यालयास पालि अध्यापकाचे मंजूर पद मिळावे, अशी आमची मागणी आहे. निवासी शाळांनी तोवर थांबू नये. सायंकाळचा वेळ त्यांच्या हाती असतो. वंदनेच्या गाथा आमच्या मुलांना मुखोद्गत आहेत. त्याच गाथा श्रीलंका, थायलंड आणि म्यानमारमधील मुलेही म्हणतात. अर्थ आणि व्याकरण कळले, तर लातूरचा विद्यार्थी त्या देशांतील अभ्यासकांशी बरोबरीने बोलू शकेल.