दुसऱ्या रिमोटची गोष्ट

यंदा पाकाळणीच्या रविवारी आम्ही सगळे जोतिबाला गेलो होतो. सगळे म्हणजे आई, मी, माझी लेक, धाकटा भाऊ, भावजय आणि भाचा. आमच्या घरची पद्धतच अशी. चैत्र पौर्णिमेच्या मोठ्या यात्रेला पुरुष मंडळी सासनकाठीबरोबर जाणार, आणि गर्दी ओसरली की पुढच्या रविवारी आम्हा बायका-पोरींचा नंबर. आता भाऊ दोन्ही वेळा येतो, गाडी चालवायला कुणीतरी हवं म्हणून!

दर्शनाची रांग काही सरकेना. अंगावर गुलाल, हातात दवणा, पायाखाली तापलेली फरशी. भाच्यानं हळूच मोबाइल काढला आणि 'ई-फुटबॉल' सुरू केला. कोल्हापूरचा पोरगा तो, पाटाकडील-दिलबहारची मॅच असली की घरात सापडत नाही. माझी लेक त्याच्याहून एका वर्षानं मोठी. तिनं चार वेळा विचारलं, "मला दे की एकदा." तो मान वर न करता म्हणाला, "थांब गं, मॅच संपू दे. तोवर तू बघ." मॅच संपली, दुसरी सुरू झाली. लेक बघतच राहिली.

'तू बघ.' हे दोन शब्द मी कुठं ऐकलेत, ते मला लगेच आठवलं. आमच्याच घरात, तीस वर्षांपूर्वी. आणि म्हणणारा आता माझ्यापुढं रांगेत उभा होता, भाच्याचा बाप!

भावाला सातवीची स्कॉलरशिप मिळाली, तेव्हा आण्णांनी त्याला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. (मला दोन वर्षं आधी तीच स्कॉलरशिप मिळाली होती. मला डिक्शनरी मिळाली. ती अजून आहे, तक्रार नाही!) तुमच्यापैकी अनेकींच्या घरी ती पेटी असेल. वर खाच, खाचेत बसवायची पिवळी नाहीतर काळी कॅसेट, चालली नाही की कॅसेटमध्ये फुंकर मारायची, आणि वायरीनं जोडलेले दोन रिमोट. जपानच्या निन्टेंडो कंपनीनं १९८३ मध्ये 'फॅमिकॉम' नावाचं यंत्र काढलं, त्याची ती स्वस्त नक्कल. नव्वदच्या दशकात आपल्याकडं गावोगावी पोचली ती ही नक्कलच.

एका कॅसेटमध्ये ढीगभर गेम असायचे. आगीच्या रिंगणातून सिंहावर बसून उड्या मारायची सर्कस. पेट्रोल संपायच्या आत पुढं पळवायची लाल गाडी. बर्फावरून तुरुतुरु पळणारा पेंग्विन. लाथाबुक्क्यांचा कुंगफू. आणि सगळ्यांचा राजा, 'कॉन्ट्रा'. अलीकडं लेकीमुळं मी या विषयात डोकं घातलं तेव्हा कळलं, की हे सगळे मूळचे एकाच कंपनीचे. कोनामी तिचं नाव. १९६९ मध्ये ओसाकात सुरू झाली तेव्हा गाण्यांची ज्यूकबॉक्स यंत्रं भाड्यानं द्यायची आणि दुरुस्त करायची. तिथून गेमकडं वळली आणि मग काय काय नाही केलं! बेडकाला रस्ता ओलांडून देणारा 'फ्रॉगर' १९८१ चा. पायाखालच्या बाणांवर नाचायचा 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' १९९८ चा. १९९९ पासून अंगावर काटा आणणारा 'सायलेंट हिल'. आणि फुटबॉलचा गेम तर वर्षानुवर्षं चाललेला, आता 'ई-फुटबॉल' या नावानं मोबाइलवर फुकट. म्हणजे तीस वर्षांपूर्वी भाऊ ज्या कंपनीच्या गेममध्ये बुडाला होता, त्याच कंपनीच्या गेममध्ये आज भाचा बुडालाय. बदलली ती फक्त पेटी.

पण मला सांगायचंय ते त्या दोन रिमोटबद्दल.

पहिला रिमोट भावाचा. मी फार मागं लागले की दुसरा मला. दुसऱ्या रिमोटवर 'स्टार्ट' आणि 'सिलेक्ट' ही बटणंच नव्हती. मला वाटायचं, आमचीच पेटी स्वस्तातली म्हणून असेल. नाही, मूळ जपानी यंत्राचीही रचना तशीच होती. दुसऱ्या रिमोटवाल्यानं खेळायचं, उड्या मारायच्या, गोळ्या झाडायच्या. पण खेळ सुरू कधी करायचा, थांबवायचा कधी, कुठला खेळायचा, हे सगळं पहिल्याच्या हातात. मैत्रिणींनो, यातली गंमत मी वेगळी सांगायला हवी का? घर आपण चालवतो, धावतो, राबतो. पण स्टार्टचं बटण?

'कॉन्ट्रा'त दोघांनी मिळून खेळायचं असतं. तिसऱ्या टप्प्यावर एक धबधबा येतो. कड्यावरून उड्या मारत वर वर जायचं. दोघांतला एक भराभर वर गेला की चित्र त्याच्याबरोबर वर सरकतं, आणि खाली राहिलेला पडद्याबाहेर जाऊन मरतो. शत्रूची गोळी लागायची गरजच नाही. आपलाच जोडीदार पुढं गेला म्हणून आपण मरायचं! भाऊ वाऱ्यासारखा वर जायचा आणि मी दर वेळी तिथंच संपायची.

एका मे महिन्यातल्या दुपारी आण्णा बाहेर गेले होते. आई भांडी आवरून येऊन आमच्यामागं बसली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आण बघू इकडं." तिनं माझ्या हातातला रिमोट घेतला. आम्ही हसून हसून लोळायचे बाकी होतो. ती बटण दाबताना स्वतःच बसल्या जागी उडी मारायची! पण तिसऱ्या-चौथ्या डावात तिचा हात बसला. पहिला टप्पा दोघांनी पार केला. मग दुसरा. धबधब्याशी आले, भाऊ सवयीनं सुसाट वर गेला, आणि आई ओरडली, "अरं थांब की जरा, मला वर येऊ दे!"

तो थांबला. त्या दिवशी पहिल्यांदाच थांबला. आई धापा टाकत टाकत वर आली, आणि तेवढ्यात दारात आण्णांची सायकल वाजली. आईनं रिमोट असा खाली ठेवला, जसं काही चोरी करताना पकडली गेली. पदर सारखा केला आणि चहा टाकायला आत गेली. कुणी काही बोललं नव्हतं हं. आण्णा रागीट नव्हते. तिला रागावायची गरजच नव्हती, ते तिच्या आतच होतं. नंतर तिनं तो रिमोट कधी हातात घेतला नाही. आम्हीही बोलावलं नाही, ही आमची चूक.

आपल्याकडं बायकांना खेळ वर्ज्य होता असं नाही. झिम्मा, फुगडी, पिंगा, सागरगोटे, किती तरी. पण त्याला निमित्त लागायचं. मंगळागौर असली तर रात्रभर खेळा, नागपंचमीला झोके घ्या. उगाच, आज मन झालं म्हणून, भर दुपारी बाई खेळायला बसली, तर तिला काम नाही असं समजतात. पुरुषाच्या मोकळ्या वेळाला 'विरंगुळा' म्हणतात, आणि बाईच्या मोकळ्या वेळाला 'रिकामटेकडेपणा'. आणि हे आपणच आपल्या मुलींना शिकवतो. मुलगा तासभर खेळला तर "अभ्यास कर" म्हणतो. मुलगी तासभर खेळली तर "अभ्यास कर" आणि "जरा आईला हात लाव". म्हणजे तिच्या खेळातून दोन वजाबाक्या!

यावर कुणी म्हणेल, व्हिडिओ गेम हा मुळात मुलग्यांचाच प्रांत. मलाही तसंच वाटायचं. पण मग ही नावं बघा. अंतराळयानाचा 'ग्रेडियस' हा कोनामीचा गाजलेला गेम १९८५ चा. त्याचं संगीत मिकी हिगाशिनो या मुलीनं केलं, तेव्हा ती विशीच्याही आत होती. पुढं १९९५ मध्ये एकशेआठ साथीदार जमवत जाणारा 'सुइकोडेन' आला, त्याचंही संगीत तिचंच, आणि त्यातल्या माणसांची चित्रं जुन्को कावानो या बाईंची. १९८६ मध्ये ड्रॅक्युलाच्या वाड्यात शिरायचा 'कॅसलवेनिया' आला. त्याच्या संगीतात किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा या दोघींचा हात. पण गेम संपल्यावर जी नावं येतात, त्यात संगीतकार म्हणून नाव होतं 'जेम्स बनाना'! त्या काळी जपानी कंपन्या आपली माणसं दुसऱ्यांनी पळवू नयेत म्हणून खरी नावं झाकायच्या. पुरुषांचीही झाकायच्या, हे खरं. पण ज्यांनी ती धून शाळेत जाताना गुणगुणली, त्या जगभरच्या पोरांना वाटलं, कुणीतरी जेम्स असणार. पाककृती आईची आणि नाव हॉटेलचं, तसलाच प्रकार.

पडद्यावरच्या बाईलाही वेळ लागला. १९८७ च्या 'कॉन्ट्रा'त दोघेही नायक पिळदार दंडांचे पुरुष. त्या मालिकेत शीना नावाची लढवय्यी खेळता यायला १९९४ उजाडलं. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या 'सायलेंट हिल एफ' मध्ये नायिकाच शाळकरी मुलगी आहे, १९६० च्या दशकातल्या जपानी खेड्यातली. तिची भीती नुसती भुतांची नाही. बापाचा धाक, आईचं मुकाट सोसणं आणि मुलीचं लग्न हा घरानं करायचा व्यवहार, या सगळ्याची ती भीती आहे. (गेम मोठ्यांसाठीचा आहे, मुलांच्या हाती देऊ नका. मी लेकीला न सांगता त्याचे तुकडे पाहिले, आणि रात्री दिवा लावून झोपले.) जपानमधली ती भीती मला इथं वाडी-वस्तीवर ओळखीची वाटली, म्हणजे बघा.

आता गेमचं कौतुकच करतेय असं समजू नका. मी आई आहे, मला माहितीय. तासन् तास मान खाली, डोळे लाल, जेवायला दहा हाका. फुकटच्या गेममध्येही खेळाडू मिळवायला नाणी विकत घ्यायची सोय असते, आणि त्यातले पुष्कळसे खेळाडू नशिबावर निघतात. पोरांना ते जुगारासारखं ओढतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, पण हे गेममधले खर्च हा आपल्या घरातला प्रश्न आहे, तो आपल्यालाच सोडवायचाय. माझे नियम साधे आहेत. मोबाइलला बँकेचं कार्ड जोडायचं नाही. वेळ ठरवून खेळायचं. आणि शक्यतो एकट्यानं कोपऱ्यात नाही, तर बाहेरच्या खोलीत, कुणाबरोबर तरी.

पण यात मी एक नियम वाढवलाय. वेळेची मर्यादा मुलग्याला आणि मुलीला सारखी. आणि खेळायचा हक्कही सारखा. रांगेत एकच मोबाइल असेल तर एक मॅच त्याची, एक तिची. 'तू बघ' हा काही खेळ नाही.

'कॉन्ट्रा'ची एक युक्ती तुमच्यापैकी काहींना अजून पाठ असेल. वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए. काझुहिसा हाशिमोतो या कोनामीतल्या माणसानं ती 'ग्रेडियस' घरच्या यंत्रावर आणताना घातली, कारण तपासायला खेळताना तो गेम त्याला स्वतःलाच जमेना! हे गृहस्थ २०२० मध्ये गेले. 'कॉन्ट्रा'त ती युक्ती केली की तीनच्या जागी तीस जीव मिळायचे. मात्र दोघांना खेळायचं असेल तर 'स्टार्ट'च्या आधी 'सिलेक्ट' दाबून दोघांचा खेळ निवडायचा. मग दोघांनाही तीस-तीस. भाऊ घाईत असला की थेट 'स्टार्ट' दाबायचा, आणि मी हातात रिमोट घेऊन नुसती बसायची. एका बटणाचा तर प्रश्न होता.

जोतिबाहून उतरताना पायऱ्यांवर आईचे गुडघे बोलायला लागले. भाचा आणि लेक केव्हाच खाली पोचले होते. भाऊ मात्र दर पाच-सहा पायऱ्यांवर थांबून मागं बघत होता. लहानपणी आम्ही गायमुखाकडून चालत डोंगर चढायचो, तेव्हाही घरातली मोठी माणसं अशीच थांबायची. मागच्याला सोडून पुढं जायचं नाही, हे डोंगरानं आम्हाला शिकवलंच होतं. घरात आल्यावर तेवढं विसरायला व्हायचं.

मी तिथंच भावाला धबधब्याची ती दुपार आठवण करून दिली. त्याला आठवत होती! पुढच्या रविवारी तो लॅपटॉप आणि दोन रिमोट घेऊन घरी आला. कोनामीनं २०१९ मध्ये जुने 'कॉन्ट्रा' एकत्र करून पुन्हा काढलेत, ते त्यानं टीव्हीला जोडले. पहिला रिमोट आईच्या हातात दिला. ती म्हणाली, "मला नको बाई, मी बघते." तो म्हणाला, "बघायचं नाही, खेळायचं."

आईनं चष्मा पुसला, रिमोट उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "सुरू करायचं बटण कुठलं यातलं?"

धबधब्यावर ती तीनदा मेली. चौथ्यांदा वर पोचली, कारण भाऊ खालच्या कड्यावर उभा राहून वाट बघत होता. मधेच चहाची वेळ झाली. आई सवयीनं उठायला लागली, तेव्हा भाच्यानं तिला खाली बसवलं आणि तो आत गेला. चहा जरा गुळमाट झाला होता, पण कुणी काही बोललं नाही.